चालेल-का बाई

बाईंचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपुस्तकात होतं आणि जन्मभर तिथेच राहिलं. गल्लीबोळांतून त्यांना सगळे 'चालेल-का बाई' म्हणत. त्याला कारण होतं. लोकांची मतं मोजणाऱ्या एका संस्थेत त्या कामाला होत्या. हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन घरोघर जायचं, दार वाजवायचं आणि बासष्ट प्रश्न विचारायचे. त्यातले निम्मे तरी त्याच दोन शब्दांवर संपायचे. मुलीने दुसऱ्या धर्मातला नवरा केला तर चालेल का? देशाचा कारभार बाईच्या हाती गेला तर चालेल का? बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाने स्वतःहून मरण मागितलं तर चालेल का? पोरं लांबूनच त्यांची निळी पिशवी ओळखायची आणि घरात वर्दी द्यायची, "आई, चालेल-का बाई आल्या!"

या कामाला त्या लागल्या तेव्हा छत्तिशीच्या होत्या. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. घरात सासूबाई होत्या आणि एक मुलगी. मुलगी शाळेत जायला लागली तशी दुपार अंगावर यायला लागली. संस्थेला 'भरपूर चालू शकणारी आणि कमी बोलणारी' माणसं हवी होती. नवरा म्हणाला, "पहिलं जमेल तुला. दुसऱ्याचं बघ बुवा."

दुसऱ्यासाठी पंधरा दिवसांचं शिक्षण होतं. ते द्यायला पर्यवेक्षक होते. त्यांना ऑफिसात मागून 'टक्के साहेब' म्हणायचे, कारण पाऊस पडेल का विचारलं तरी ते टक्क्यांत सांगायचे. त्यांचे नियम म्हणजे दगडावरची रेघ. प्रश्न कागदावर आहे तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. समजावून सांगायचं नाही. 'का' विचारायचं नाही. 'तुम्हाला काय वाटतं' असं कुणी विचारलं तर म्हणायचं, माझं मत इथे मोजत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा. समोरच्याने काहीही सांगितलं तरी भुवई हलता कामा नये. साहेब एकेकीला समोर बसवून भलभलती उत्तरं द्यायचे आणि तिच्या कपाळाकडे बघत राहायचे. बाई घरी आरशासमोर सराव करायला लागल्या. सासूबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "सूनबाई, मेल्यावर कशी दिसशील ते बघून ठेवतेस का?"

चेहरा जमला. आतलं मात्र काही जमेना. बाईंना प्रत्येक दारात नवल वाटायचं आणि ते वाटणं वर्षं गेली तरी ओसरलं नाही. अनोळखी बाई दारात उभी राहते, पाणी मागत नाही, काही विकत नाही, फक्त 'तुम्हाला काय वाटतं' म्हणते, आणि माणूस हातातलं काम टाकून, खुर्ची पुसून तिला बसवतो. एका खाटकाने त्यांना दहा मिनिटं थांबवून ठेवलं होतं. आत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, सदरा बदलला आणि मग समोर येऊन बसला. म्हणाला, "मत द्यायचं म्हणजे असं रक्ताच्या हाताने कसं द्यायचं?" एक गृहस्थ बायको ऐकत होती तोवर मोठ्याने 'असहमत, असहमत' म्हणत राहिले, आणि बाईंनी पुढे धरलेल्या, उत्तरांचे पाच चौकोन छापलेल्या पुठ्ठ्यावर बोट मात्र 'सहमत'वर ठेवत गेले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं, पण प्रत्येक चुलीत जाळ वेगळा, हे बाईंनी जितकं बघितलं तितकं क्वचितच कुणी बघितलं असेल.

घरी आल्या की सासूबाई टपलेल्या असायच्या. "काय गं, आज कोण काय म्हणालं?"

"आई, सांगायचं नसतं."

"नाव नको सांगूस. नुसतं काय म्हणाला ते सांग."

"तेही नाही."

"म्हणजे सगळ्या गावाचं ऐकायचं आणि घरात ताकास तूर लागू द्यायचा नाही. बरं आहे बाई तुझं!"

बर्फाच्या कारखान्यामागे एक गल्ली होती. चौदा दारं, सात या बाजूला, सात त्या बाजूला, मध्ये कायम ओली असलेली फरशी. ही गल्ली संस्थेच्या नमुन्यात होती. म्हणजे दर चार वर्षांनी त्याच चौदा घरांत जाऊन तेच बासष्ट प्रश्न विचारायचे आणि मतं बदलली का ते बघायचं. पहिल्या फेरीत बाईंना एक गोष्ट लक्षात राहिली होती. एकतिसावा प्रश्न असा होता: 'शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेला माणूस तुमच्या शेजारी राहायला आला तर चालेल का?' चौदापैकी तेरा घरांनी 'अजिबात चालणार नाही' म्हणून सांगितलं होतं. चौदाव्या घरात म्हातारे पोस्टमन राहायचे, तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले. ते बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले होते, "सांगता येत नाही."

चार वर्षांनी बाई पुन्हा त्या गल्लीत आल्या. कोपऱ्यावरच्या पहिल्या खोलीतला वायरमन खोली सोडून गेला होता. तिथे आता एक सुतार राहत होता. घर तेच राहिलं आणि माणूस बदलला, तर नव्या माणसाला विचारायचं, असा नियम होता. सुतार पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीला लावून ठेवलेलं कुणाचं तरी खिडकीचं दार. त्याने दाराला रंधा मारणं थांबवलं, स्टुलावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "बसा, ताई."

तीस प्रश्न झटपट झाले. बाईंनी एकतिसावा वाचला. सुतार काही बोलला नाही. बाईंना वाटलं, कारखान्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

"परत वाचा," तो म्हणाला.

त्यांनी परत वाचला. त्याने पुठ्ठा हातात घेतला, पाचही चौकोन एकेक करून नीट बघितले आणि शेवटच्यावर बोट ठेवलं. अजिबात चालणार नाही. बाईंनी खूण केली आणि बत्तिसाव्याकडे वळल्या. त्यात नवल करण्यासारखं काहीच नव्हतं. मागच्या वेळी सगळी गल्ली हेच म्हणाली होती.

नवल पुढच्या दारात होतं. तिथे इस्त्रीवाली राहायची. दारातच टेबल टाकून ती दिवसभर कपड्यांना इस्त्री करायची. एकतिसावा प्रश्न ऐकून तिने इस्त्री उभी ठेवली आणि हसली. "चालेल का काय बाई, चाललंय की!"

बाईंना 'म्हणजे काय' असं विचारायचं होतं, पण 'का'ला बंदी. त्यांनी 'चालेल'वर खूण केली. तिसऱ्या दारात, चालेल. चौथ्या दारात नवरा-बायको एकदम म्हणाले, चालेल. पाचव्या दारात मागच्या वेळी ज्या माणसाने या प्रश्नावर बाईंना जवळजवळ हाकललंच होतं, तोच म्हणाला, "हो, न चालायला काय झालं?" बाईंचा चेहरा कोरा होता, पण पदराखाली हातावर काटा उभा राहिला होता. दोन दिवसांत चौदा दारं झाली. पोस्टमन धरून अकरा दारं 'चालेल' म्हणाली. नाही म्हणणारी तीनच, सुतार आणि गल्लीच्या टोकाची समोरासमोरची दोन घरं.

गठ्ठा ऑफिसात गेला आणि चौथ्या दिवशी टक्के साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर गल्लीचे दोन्ही वेळचे फॉर्म शेजारी शेजारी मांडलेले होते.

"बाई, हे काम करून मला सव्वीस वर्षं झाली," साहेब म्हणाले. "माणसाचं मत गोगलगाय असतं. चार वर्षांत दोन टक्के सरकलं तर आम्ही टाळ्या वाजवतो. शून्यावरून एकदम अकरा? चौदा घरांत?"

"लोक म्हणाले तसं लिहिलंय, साहेब."

"लोक असं म्हणत नाहीत." साहेबांनी चष्मा काढला. "ऊन फार होतं का? पाय दुखत होते? मला खरं सांगा. घरी बसून खुणा केल्यात ना?"

अकरा वर्षं एकाही दारात भुवई न हलवलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या आणि घरी आल्या. चहा केला तो चुलीवरच राहिला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा हातच धरला. कुणी काय म्हटलं ते बाईंनी सांगितलं नाही, फक्त साहेब काय म्हणाले ते सांगितलं.

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "मग रडतेस काय? घेऊन जा त्याला तिकडे. म्हणावं, उंटावरून शेळ्या हाकू नका, खाली उतरा. कर नाही त्याला डर कशाला?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी हे साहेबांना सांगितलं, उंट आणि शेळ्या तेवढ्या वगळून. तपासणीसाठी निवडक प्रश्न पुन्हा विचारायचा अधिकार साहेबांना होताच. रविवारी सकाळी दोघं गल्लीत आले.

सुताराची खोली बंद होती, तो लाकूड आणायला गेला होता. साहेब इस्त्रीवालीच्या टेबलासमोर उभे राहिले आणि कागद वर धरून एकतिसावा प्रश्न खणखणीत वाचला.

"अहो, परवाच सांगितलं की यांना, चालेल म्हणून!" इस्त्रीवाली म्हणाली. "आमच्याकडे राहतोच आहे ना तो."

"कोण?"

"सुतार. कोपऱ्यावरचा. चौदा वर्षं आत होता." तिने कपड्यावर पाणी शिंपडत अगदी सहज सांगितलं. "सख्ख्या भावाला मारलं त्याने. जमिनीवरून नाही, बाईवरून नाही, नुसतं दारू पिऊन भांडणात. त्यानेच सांगितलं."

बाईंनी टेबलाची कड धरली. साहेब 'का' विचारत नव्हते, पण तिथून हलतही नव्हते. आणि इस्त्रीवालीला विचारायची गरजही नव्हती.

तीन वर्षांपूर्वी सुतार त्या खोलीत आला, त्याच संध्याकाळी त्याने गल्लीतलं एकेक दार वाजवलं होतं. टोपी हातात घेऊन प्रत्येक दारात तेच सांगितलं होतं. मी माणूस मारलाय. शिक्षा भोगून आलोय. कोपऱ्यावरची खोली घेतलीय. तुम्हाला चालेल का? बारा दारांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी पोरांना आत ओढलं. इस्त्रीवालीने स्वतः कडी लावून घेतली होती. सुतार प्रत्येक दारात 'बरं' म्हणाला आणि सामान बांधायला गेला. तेराव्या दारातल्या पोस्टमननी त्याला थांबवलं. म्हणाले, आज तुला कुणी ओळखत नाही, तर नाहीच म्हणणार. महिनाभर राहा. महिन्याने परत विचार.

"मग?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय, एक तारखेला आला की दारात! परत पहिल्यापासून, मी माणूस मारलाय, चालेल का? मी परत नाही म्हटलं. पुढच्या एक तारखेला परत हजर. बाई, असा दर महिन्याला यायचा तो. एकदाही चुकला नाही. आणि एकदाही 'मी आता सुधारलोय हो' म्हणाला नाही. आम्ही नाही म्हटलं की 'बरं' म्हणायचा आणि जायचा. आधी एक दार हो म्हणालं, मग तीन झाली. दहाव्या महिन्याला मीच म्हटलं, अरे बाबा, आता विचारणं पुरे कर. ही माझ्या टेबलाची फळी हलतेय, तिचं काय ते बघ." तिने टेबलावर थाप मारली. ते जागचं हललं नाही.

"आणि ती टोकाची दोन घरं?" साहेबांनी विचारलं. अकरा वर्षांत त्यांनी यादीबाहेरचा प्रश्न विचारल्याचं बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं.

"ती अजून नाहीच म्हणतात. त्यांचंही चूक नाही हो, ज्याचा त्याचा जीव. हा मात्र अजून जातो तिथे, एक तारखेला."

बाई पाण्याच्या नळाशेजारच्या कट्ट्यावर बसल्या. आपण पायाला भिंगरी लावून शहर पालथं घातलं, हजारो दारं वाजवली, पण त्यात आपलं काय पणाला लागलं होतं? या माणसाने तेरा दारांत जाऊन स्वतःलाच प्रश्न म्हणून पुढे केलं होतं. महिन्यामागून महिने. आणि एवढं सगळं झाल्यावर त्याने पुठ्ठ्यावर बोट कुठे ठेवलं, हे या गल्लीत फक्त बाईंना ठाऊक होतं.

फॉर्मवर नाव नव्हतं, घराचा क्रमांक होता. साहेब फॉर्म चाळत होते. पहिल्या घराच्या एकतिसाव्या खुणेवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी 'हो' अशी मान हलवली.

तेवढ्यात सुतार खांद्यावर फळ्या घेऊन आला. त्याने कुलूप काढलं, साहेबांसाठी स्टूल ठेवलं आणि स्वतः खाटेच्या कडेला बसला. बाई दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी प्रश्न वाचला, या वेळी खालच्या आवाजात.

"नाही," सुतार म्हणाला. "ताईंनाही तेच सांगितलंय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "का?" त्यांनी विचारलं.

ज्या शब्दासाठी त्यांनी दोन पोरींना कामावरून काढलं होतं, तोच हा शब्द.

सुताराने तळहात गुडघ्यांवर पुसले. "हे बघा, या लोकांना मी चाललो, कारण त्यांनी मला बाहेरून बघितलं. फळी बसवताना, पाणी भरताना. मला तो माणूस आतून माहीत आहे. तो शेजारी आला म्हणजे काय येतं, ते मला ठाऊक आहे. तुम्ही मत विचारलंत. खोटं कशाला सांगू?"

"आणि उद्या खरंच कुणी तसा राहायला आला तर?"

"आला तर त्याच्या दाराची बिजागरी बसवून देईन. पाणी कधी येतं ते सांगेन. मत मात्र 'नाही'च राहील. ह्याला तुमच्याकडे चौकोन आहे का?"

साहेबांनी खरोखर पुठ्ठा काढून बघितला. पाचही चौकोन बघितले. मग म्हणाले, "नाही."

परतताना दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेले. बस आली, ती त्यांनी जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. मग बाकावर बसून त्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि चौदाही फॉर्मांवर 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही केली. "बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं." आणि लगेच घसा साफ करून, "पुढच्या गल्लीचे कागद बुधवारपर्यंत द्या."

वरच्या ऑफिसला ती गल्ली काही पचेना. आकडे जुळत नाहीत, वगळून टाका, असं पत्र आलं. साहेबांनी उलट पत्र पाठवलं, गल्ली वगळू नये. तिसरं पत्र आलं, साहेबांनी चौथं पाठवलं. शेवटी गल्ली राहिली. वर्षाने जाडजूड अहवाल छापून आला. बाईंनी नवऱ्याने घासून दिलेला चष्मा लावून एकतिसावा प्रश्न शोधला. सगळ्या देशाचा मिळून आकडा तेवीसवरून चोवीसवर गेला होता. त्यांची अकरा दारं त्यात कुठे विरघळली होती, दिसणं शक्यच नव्हतं. त्या पानाकडे त्या कितीतरी वेळ बघत बसल्या. एका आकड्याखाली एक सुतार आणि तेरा दारं असतील, तर बाकीच्या आकड्यांखाली काय काय असेल? एकसष्ट प्रश्न उरले होते. पानं उलटताना त्यांचा हात हळू झाला, घरात कुणी झोपलेलं असताना होतो तसा.

"काय निघालं गं त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्हाला काय काय वाटतं ते मी कधी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या.

"विचारलं नाहीस म्हणून काय मी सांगायची राहिले?" सासूबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं.

पुढची फेरी आली तेव्हा बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण ती गल्ली त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. कारखान्याला वळसा घालून त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. पहिली खोली उघडी होती, आत कुणी नव्हतं. सुतार गल्लीच्या त्या टोकाला होता. केस पांढरे झालेले, टोपी हातात. टोकाच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतल्या बाईशी तो काहीतरी बोलत होता. तारीख कोणती ते बघायची बाईंना गरज पडली नाही.

शब्द ऐकू येत नव्हते. आतली बाई काहीतरी बोलली. सुताराने मान हलवली, तो दारापासून मागे सरला आणि समोरच्या दाराकडे वळला.

इस्त्रीवालीने बाईंना बघितलं. "या की बाई, सावलीत बसा. त्याला हाक मारू का?"

"नको," चालेल-का बाई म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे."

आणि निळी पिशवी छातीशी धरून, एका कामावरच्या माणसाने दुसऱ्यासाठी थांबावं तशा त्या ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या.